कचेरी, घर आणि कारकून



या ग्रंथालयात नियमाने येणाऱ्या वाचकांपैकी बरीच मंडळी कोणत्या ना कोणत्या कचेरीत काम करणारी आहेत, असे ग्रंथपालांनी मला निमंत्रण देताना सांगितले. तेव्हा आजचा विषय मी मुद्दामच त्यांच्या आयुष्यातून निवडला आहे. २०२० साली कचेऱ्या बंद झाल्या, अर्ध्यामुर्ध्या उघडल्या, पुन्हा मिटल्या आणि २०२२ च्या आरंभी एकदाच्या पूर्ण उघडल्या. या काळात घरी बसून काम करण्याविषयी विपुल लिहिले गेले. परंतु ते बहुतेक संगणक अभियंत्यांविषयी, व्यवस्थापकांविषयी, फार तर अध्यापकांविषयी होते. टंकलेखक, लघुलेखक, आवक-जावकचा कारकून, वेतनपत्रके करणारा लिपिक, कागदांचे गठ्ठे एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेणारा शिपाई, यांचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारला नाही. ज्यांच्यावाचून कचेरी चालत नाही आणि ज्यांचे नाव कचेरीच्या कोणत्याही कामावर येत नाही, अशी ही माणसे आहेत. त्यांच्या परतण्याविषयी मला बोलावयाचे आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. घरी बसून सरकारी काम करणे ही नवीन कल्पना आहे असे आपण समजतो. परंतु आपल्याकडे तर ती शतकानुशतके रूढ होती. महाराष्ट्रातील गावोगावच्या कुलकर्ण्याचे दप्तर कोठे असे? त्याच्या घरी. गावाचा जमाखर्च, जमिनीचे आकार, कोणाकडे किती बाकी, हे सारे कागद रुमालात बांधून त्याच्या माजघरात किंवा माडीवर ठेवलेले असत. रयतेला आपला आकार पाहावयाचा असेल तर तिने कुलकर्ण्याच्या ओसरीवर जाऊन बसावे, घरधन्याची स्नानसंध्या आटोपण्याची वाट पाहावी, आणि मग कागद निघाला तर निघाला. वतनाची भाऊबंदकी झाली की दप्तराचीही ओढाताण होई. कागद राज्याचा की घराचा, ही सीमारेषाच पुसट होती. मुंबई राज्याने १९५० साली कायदा करून परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली, तेव्हा ही व्यवस्था कायद्याने संपली आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे आले.

पुण्यास मात्र चित्र निराळे होते. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात कारकुनांचा फड बसत असे. तेथे लिहिणाऱ्यांची नेमलेली कामे होती, नेमलेल्या जागा होत्या. आज आपण ज्याला कार्यालय म्हणतो त्याचे ते अस्सल देशी रूप होय. पण तेथेही मोठ्या माणसाचे घर आणि सरकारचे दफ्तर यांची पूर्ण फारकत झाली नव्हती. राज्याचे कितीतरी महत्त्वाचे कागद नाना फडणीसांच्या वाईजवळील मेणवलीच्या वाड्यात राहिले, आणि इतिहास संशोधक आजही त्या संग्रहाला मेणवली दफ्तर या नावानेच ओळखतात. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी नोकरशाहीचे जे विवेचन केले, त्यात कचेरी आणि अधिकाऱ्याचे घर यांची फारकत हे आधुनिक प्रशासनाचे एक लक्षण म्हणून सांगितले आहे. कागद, पैसा आणि वेळ या तिन्हींच्या बाबतीत सरकारचे काय आणि घरचे काय हे वेगळे करता येणे, हा या फारकतीचा अर्थ. कुलकर्ण्याच्या ओसरीवर ताटकळलेल्या रयतेला वेबर वाचण्याची गरज भासली नसती.

ईस्ट इंडिया कंपनीने ही फारकत इमारतीच्या रूपाने उभी केली. कंपनीच्या सर्वांत खालच्या नोकरास ‘रायटर’ म्हणत, अक्षरशः लेखनिक. त्यांच्यासाठी कलकत्त्यास १७७७ पासून टॉमस लायन याच्या आराखड्याप्रमाणे जी इमारत बांधली जाऊ लागली तिचे नाव रायटर्स बिल्डिंग पडले, आणि पुढे एका संपूर्ण प्रांताचे सचिवालय याच नावाने ओळखले गेले. राज्य करणाऱ्या वास्तूला कारकुनांचे नाव मिळावे ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे. इकडे लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत चार्ल्स लॅम हा थोर निबंधकार १७९२ पासून १८२५ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षे, हिशेबाच्या वह्या लिहीत बसला होता. निवृत्तीनंतर त्याने ‘द सुपरॅन्युएटेड मॅन’ हा निबंध लिहिला. जन्मभर ज्या मेजाचा त्याला उबग आला होता त्या मेजापासून सुटका झाल्यावर माणूस कसा बावरून जातो आणि जुन्या सोबत्यांना भेटण्याच्या निमित्ताने पुन्हा त्या खोलीत कसा डोकावतो, हे त्यात आले आहे. २०२० च्या उन्हाळ्यात मला या निबंधाची वारंवार आठवण होत असे.

आणखी एक दाखला देऊन इतिहास आवरता घेते. हिंदुस्थान सरकारची कचेरी दरवर्षी उन्हाळ्यात सिमल्यास जाई. १८६४ पासून सिमला ही उन्हाळी राजधानी होती आणि हे सामुदायिक स्थलांतर १९३९ पर्यंत चालू राहिले. साहेबांबरोबर फायली जात, फायलींबरोबर कारकून जात, कारकुनांबरोबर त्यांची बिऱ्हाडे. म्हणजे कचेरी एका जागी असलीच पाहिजे हा हट्ट राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी कधीच धरला नव्हता. हवा मानवेनाशी झाली की ते कचेरीच उचलून नेत. कारकुनाने मात्र कचेरी जेथे असेल तेथे हजर व्हावयाचे, हा नियम कधी बदलला नाही.

आता या वर्गाचे काम नेमके कोणते ते पाहिले पाहिजे, कारण ते न पाहता परतण्याच्या प्रश्नाचा निवाडा करणे व्यर्थ आहे. एक पत्र कचेरीत येते. टपाल फोडले जाते, त्यावर तारखेचा शिक्का बसतो, बारनिशीत त्याची नोंद होते, क्रमांक पडतो. मग ते योग्य त्या कार्यासनाकडे जाते. ‘योग्य त्या’ हे शब्द उच्चारायला सोपे आहेत; परंतु पत्र लिहिणाऱ्याने विषय अनेकदा चुकीचा लिहिलेला असतो, आणि ते कोणाचे आहे हे ओळखणे हेच आवक कारकुनाचे खरे कौशल्य असते. तेथे पूर्वीची नस्ती शोधली जाते, मागचे कागद खुणा घालून लावले जातात, टिपणी लिहिली जाते, ती पायरीपायरीने वर चढते, वरून शेरा घेऊन खाली उतरते. मसुदा होतो, टंकलेखन होते, ताडून पाहिले जाते, सही होते, जावक क्रमांक पडतो, लिफाफा बाहेर जातो. या प्रवासात निर्णय घेणारे हात एक किंवा दोन असतात. बाकीचे आठ-दहा हात त्या निर्णयाला वाट करून देतात.

या हातांजवळ जे ज्ञान असते ते कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडत नाही. अमुक अधिकारी मंगळवारी सकाळी फायली पाहतात, अमुक प्रकरणाची मूळ नस्ती दुसऱ्याच विषयाच्या नस्तीत घुसून बसली आहे, अमुक गावाहून येणाऱ्या म्हाताऱ्याला पत्र वाचता येत नाही म्हणून त्याला उत्तर तोंडी समजावून सांगावे लागते. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य कागद भस्मसात झाले, तेव्हा नस्त्या पुन्हा उभ्या करण्याचे काम करावे लागले. अशा वेळी जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रतींबरोबरच कारकुनाची स्मरणशक्ती हाही एक दस्तऐवज ठरतो. कागद संगणकावर आणण्याच्या कार्यास पुढे जी निकड प्राप्त झाली तिच्यामागे या आगीचा धडा होताच.

आता २०२० कडे येऊ. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना त्या वर्षी २९ फेब्रुवारीपासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. त्यासाठी कचेरीची वेळ वाढवून सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरली. शिपायांची साडेनऊ ते साडेसहा. पंचेचाळीस मिनिटे अधिक काम आणि शनिवार मोकळा, या सौद्याची सवयसुद्धा झाली नव्हती तोच महिन्याभरात सारेच दिवस मोकळे झाले. केंद्र शासनाने १९ मार्च रोजी आदेश काढला की ‘ब’ व ‘क’ गटांतील निम्म्या कर्मचाऱ्यांनीच रोज यावे, उरलेल्यांनी घरून काम करावे आणि दूरध्वनीवर उपलब्ध राहावे. गर्दी टाळण्यासाठी नऊ, साडेनऊ आणि दहा अशा येण्याच्या तीन वेळा ठरल्या. २५ मार्चपासून देशभर संचारबंदी आली. एप्रिलमध्ये उपसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांना पूर्ण हजेरी आणि खालच्यांना एक तृतीयांश, मे महिन्यात निम्मी; १३ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशाने सर्वांना सर्व दिवस; दुसरी लाट येताच एप्रिलमध्ये पुन्हा निम्मी; २०२२ च्या जानेवारीत पुन्हा एकदा कपात; आणि अखेर ७ फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण हजेरी. बोट टेकवून हजेरी देण्याचे यंत्र ६ मार्च २०२० रोजी बंद केले होते, ते ८ नोव्हेंबर २०२१ पासून प्रथम पुन्हा सुरू झाले आणि पुढच्या लाटेत आणखी एकदा थोडे दिवस थांबले.

हा सगळा तपशील मी मुद्दाम सांगितला. आदेश वाचताना ते टक्क्यांच्या भाषेत असतात. परंतु ज्याला त्या टक्क्यांत मोडावयाचे असते त्याच्यापुढचा प्रश्न वेगळाच असतो. मे २०२० मध्ये दिल्लीच्या कचेऱ्यांत निम्मे कर्मचारी बोलावले गेले, पण दिल्लीची मेट्रो २२ मार्चपासून बंद होती आणि ती ७ सप्टेंबरपर्यंत सुरू झाली नाही. अधिकाऱ्याला मोटार होती. कारकुनाने नोएडाच्या पलीकडून किंवा बहादूरगडहून कसे यावे याचे उत्तर आदेशात नव्हते. मुंबईत अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल गाड्या १५ जूनपासून सुरू झाल्या. स्त्रियांना सरसकट परवानगी मिळण्यास ऑक्टोबरची २१ तारीख उजाडली आणि सर्वांसाठी, तीही ठरावीक वेळांत, २०२१ ची १ फेब्रुवारी. कल्याणपासून मुंबईचे अंतर पन्नास किलोमीटरांहून अधिक आहे. ते अंतर ज्यांनी एस.टी.च्या बसमध्ये तीन-तीन तास उभ्याने कापले त्यांच्यासाठी ‘परत कचेरीकडे’ हे शब्द पायांच्या दुखण्याशी जोडलेले आहेत.

बरे, घरी राहून काम होत होते काय? येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. केंद्रीय कार्मिक विभागाने मे २०२० मध्ये घरून काम करण्याविषयी जो मसुदा विचारार्थ पाठविला, त्यात म्हटले होते की सुमारे ७५ मंत्रालये व विभाग ई-ऑफिस प्रणाली वापरीत असून त्यांपैकी ५७ विभागांनी आपले ऐंशी टक्क्यांहून अधिक काम तीवर आणले आहे. वर्षातून पंधरा दिवस घरून काम करण्याची मुभा द्यावी असाही प्रस्ताव त्यात होता. परंतु प्रणाली विभागाजवळ असणे आणि संगणक कारकुनाच्या घरी असणे यांत मोठे अंतर आहे. अनेक घरांत एकच मोबाईल होता. सकाळी त्यावर मुलांची शाळा भरे, दुपारी कचेरी. टंकलेखकाला घरी यंत्र नव्हते, आवक कारकुनाला घरी टपाल नव्हते, शिपायाला तर घरी कामच असू शकत नव्हते. त्यामुळे या वर्गातील पुष्कळांच्या बाबतीत ‘घरून काम’ याचा अर्थ ‘घरी असणे’ एवढाच झाला. पुढे त्यांच्यावर फुकट पगार घेतल्याचा आरोप झाला, तो मला अन्यायाचा वाटतो. साधन दिले नाही आणि काम मागितले नाही, यात दोष साधन न मिळालेल्याचा कसा?

स्त्रियांविषयी दोन शब्द अधिक बोलते. डोंबिवलीच्या दीड खोलीत किंवा दिल्लीच्या सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांत नवरा, मुले, सासूसासरे आणि कचेरी ही सगळी एकाच वेळी नांदू लागली. पूर्वी सकाळी सातला डबा भरून बाहेर पडलेली बाई गाडीतल्या चौथ्या सीटवर बसून का होईना तासभर स्वतःची असे. भाजी निवडीत असे, वाचीत असे, डोळे मिटीत असे. तो तास गेला. काही जणींनी मला सांगितले की त्यांना कचेरीची नव्हे, गाडीची आठवण येत होती. उलट ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील किंवा लहान मूल होते त्यांना घरी राहता येणे हा मोठाच आधार होता. पूर्ण हजेरीचा आदेश आला त्या दिवशी त्या रडल्या. गरोदर स्त्रिया व अपंग कर्मचारी यांना या काळात हजेरीतून सूट मिळाली होती. काठीच्या किंवा चाकांच्या खुर्चीच्या आधाराने जगणाऱ्या माणसाला घरून काम करू देता येते, हे या सवलतीने सिद्ध केले. मग साथ ओसरल्यावर ते अशक्य का ठरावे?

परदेशांतही हा वाद संपलेला नाही. मुळात ‘दूरस्थ काम’ ही कल्पना अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ च्या सुमारास मांडली, ती तेलटंचाईच्या आणि रस्त्यांवरील गर्दीच्या संदर्भात. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये शासकीय सेवकांनी साठ टक्के वेळ कचेरीत असावे असे ठरले. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी संघराज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना परत बोलावण्याचा आदेश काढला. पण यापेक्षा मला चीनमधील एका प्रयोगाची माहिती अधिक बोलकी वाटते. निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी एका प्रवास कंपनीच्या दूरध्वनी सेवाकेंद्रातील कर्मचाऱ्यांना नऊ महिने घरून काम करू दिले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. काम तेरा टक्क्यांनी वाढले. परंतु तितकेच काम करूनही घरी बसलेल्यांची बढती मागे पडली. आणि प्रयोग संपल्यावर निवड करण्यास सांगितले तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी कचेरीत परतणे पसंत केले. एकटेपणा हे त्यामागचे एक कारण होते. डोळ्यांसमोर नसलेल्या माणसाचे काम दिसते, माणूस दिसत नाही.

आता मी माझ्या अनुभवाकडे वळते, कारण या प्रश्नातील खरी सल मला तेथे समजली. मी अनुवादक आहे. माझे काम घरी होऊ शकते. किंबहुना घरी अधिक बरे होते असे मी पूर्वी समजत असे. ज्या कचेरीशी माझा संबंध होता तेथे मराठी मजकुराचे अक्षरजुळणीचे काम करणारी एक बाई होती. पूर्वी माझे हस्तलिखित तिच्याकडे जाई, ती संगणकावर उतरवी, मुद्रिते शिपायाच्या हाती माझ्याकडे येत, मी दुरुस्त्या करी, ती परत जात. २०२० मध्ये आम्ही सारे घरी बसलो आणि मी स्वतःच मजकूर उतरवू लागले. संपादक पडद्यावरच दुरुस्त्या करू लागले. काम वेगाने चालले. मध्ये कोणाचे हात नकोत, असे आम्हांस वाटू लागले. खोटे कशाला सांगू, मलाही वाटले.

पूर्ण हजेरी सुरू झाल्यावर ती बाई परत आली. खुर्ची तीच, मेज तेच, पण मेजावर काही नव्हते. मुद्रिते आता तिच्यामार्गे जातच नव्हती. तिला जुन्या पुस्तकांची माहिती कोष्टकात भरण्याचे काम देण्यात आले. एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, ‘‘मॅडम, हजेरी लागते, पण हाताला काम लागत नाही.’’ मी काहीतरी समजुतीचे बोलले आणि पुढे गेले.

काही आठवड्यांनी तिने आपण होऊन, रिकाम्या वेळात, माझ्या छापावयास निघालेल्या एका पुस्तकाची मुद्रिते मूळ ग्रंथाशी पानापानाने ताडून पाहिली. तिला मूळ भाषा नीट येत नव्हती. ती केवळ परिच्छेद मोजीत होती. सातव्या प्रकरणात दोन परिच्छेद कमी होते. चूक माझी होती. पान उलटताना मी ते गाळले होते, आणि माझ्यानंतर ज्या दोघांनी ते वाचले त्यांना अर्थ सलग लागल्यामुळे शंका आली नव्हती. पूर्वी ती प्रत्येक पुस्तकाचे परिच्छेद असे मोजीत असे, हे मला अठरा वर्षांत ठाऊक नव्हते. तिच्या कामाच्या वर्णनात ते कोठेही लिहिलेले नव्हते. म्हणूनच ते काम आम्ही एका झटक्यात काढून टाकू शकलो.

यावरून मला असे दिसते की परतण्याचा प्रश्न हजेरीचा नाहीच. २००८ नंतर, सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशींप्रमाणे, केंद्रातील ‘ड’ गट संपला आणि शिपाई, दफ्तरी, जमादार, फरास या सगळ्यांना ‘बहुकार्य कर्मचारी’ हे एकच नाव मिळाले. नावाने प्रतिष्ठा वाढली हे खरे. परंतु ‘दफ्तरी’ म्हटले की कागद राखणारा हे कळत असे, ‘बहुकार्य’ म्हटले की काय करणारा हे कळत नाही. साथीच्या काळाने या अस्पष्टतेत भर घातली. कोणत्या कामासाठी कोण हवे याची फेरतपासणी न करता सर्वांना जुन्या खुर्च्यांवर परत बसविले गेले, आणि मग रिकाम्या खुर्च्यांपेक्षा रिकाम्या हातांचे कारकून अधिक दिसू लागले. आता निवृत्तांच्या जागी माणसे नकोत असे कोणी म्हणाले तर त्याला हे दृश्य पुराव्यादाखल दाखविता येते. माझी भीती हीच आहे.

कंत्राटी कर्मचाऱ्यांचे तर याहून बिकट. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने २३ मार्च २०२० रोजी आदेश काढला की घरी राहावे लागलेल्या कंत्राटी व बाह्यस्रोत कर्मचाऱ्यांना कामावर असल्याचे मानून ३० एप्रिलपर्यंत पगार द्यावा. आदेश चांगला होता. परंतु ज्याची नेमणूक एजन्सीमार्फत होते त्याचा मालक कचेरी नव्हे, एजन्सी. आणि बोलावणे यावे की नाही हे तिसराच कोणी ठरवितो. कायम कारकून कचेरीत परतला म्हणजे तो आपल्या जागी परतला. डेटा एन्ट्री करणारा मुलगा परततो तेव्हा त्याला जागा अशी नसतेच.

मग मी कोणत्या बाजूची, असे आपण विचाराल. बहुतेक साहाय्यक कर्मचाऱ्यांनी कचेरीत परतणे योग्यच होते असे माझे मत आहे. घरी त्यांच्याजवळ साधन नव्हते, जागा नव्हती, आणि नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना शिकविणारे शेजारचे मेज नव्हते. निवड आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन २०२० मध्ये रुजू झालेल्या लिपिकाने पहिले वर्ष कोणाकडे पाहून टिपणी लिहावयास शिकावे? शिवाय कुलकर्ण्याची ओसरी मी विसरलेले नाही. नागरिकाला दार ठोठावता येईल अशी जागा असलीच पाहिजे. तरीसुद्धा, कोणाला आठवड्यातून एखादा दिवस घरी राहता यावे हे हुद्द्यावरून न ठरविता कामावरून ठरवावे. वेतनपत्रके, कोष्टके, भाषांतर, जुन्या नोंदी तपासणे ही कामे घरी होतात. आवक-जावक होत नाही. हे त्या शाखेतील पाच-सहा माणसे एका दुपारी बसून ठरवू शकतील. त्यांना कोणी विचारीत नाही, एवढेच. घरी राहण्याची मुभा ही मर्जीची गोष्ट झाली की ती वरच्यांना मिळते आणि खालच्यांना मागावी लागते.

शेवटी बारनिशीच्या एका कारकुनाविषयी सांगून थांबते. हे गृहस्थ मे २०२० मध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला नाही, हार नाही, चहा नाही. दूरध्वनीवर कळविले गेले की आजपासून आपण सेवामुक्त आहात. त्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्यापाशीच राहिली. नंतरची दोन वर्षे जुने टपाल शोधावयाचे असले की शाखेतून त्यांना घरी फोन जाई आणि ते कपाटातील कप्पा व नोंदवहीचे साल तोंडपाठ सांगत. दुसरी किल्ली करविली असल्याने काम भागत असे. कचेरी पूर्ण उघडल्यावर एके दिवशी ते किल्ली परत करावयास आले. त्यांच्या जागी आलेली मुलगी वयाने त्यांच्या नातीएवढी. तिने त्यांना खुर्ची दिली, ते काही बसले नाहीत. कपाट उघडून उभ्या उभ्याच जवळजवळ दोन तास तिला एकेक वही दाखवीत राहिले: ही विधिमंडळाच्या प्रश्नांची, ही न्यायालयाची, ही जुन्या पुनर्वसन प्रकरणांची, हिच्यात ओलीने पाने चिकटली आहेत तेव्हा जपून. ती मोबाईलवर टिपून घेत होती. मध्येच तिने विचारले, ‘‘काका, हे सगळं संगणकावर का नाही?’’ ते म्हणाले, ‘‘आम्हाला कोणी विचारलं नाही, पोरी. तू घाल.’’

ती आता ते घालते आहे. तिचे दिवसाचे नेमून दिलेले काम निराळेच आहे, म्हणून हे काम सहानंतर चालते. मागील आठवड्यात मी गेले होते तेव्हा १९९४ ची वही चालू होती.

 प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत. विशेषतः जे कचेरीत काम करतात त्यांनी.